इन्सुलिन सुरू केल्यापासून वजन वाढतंय, आणि मी रात्रीचा डोस चुकवतेय

रानजाई
बरेच दिवस लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

वय ५२, मिरजेजवळच्या एका शाळेत शिकवते. डायबेटिस १३ वर्षांचा. गोळ्या एकाच्या तीन झाल्या, तरी मागच्या दिवाळीनंतर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) १०.४ टक्के आली. तेव्हा माझी पार रया गेली होती. ब्लाउज खांद्यावरून घसरायचे, तिसऱ्या तासापर्यंत पाय लटपटायला लागायचे, रात्री चार-पाच वेळा लघवीला उठावं लागायचं. डॉक्टरांनी गोळ्या बंद करून इन्सुलिन दिलं. ३०-७० चं मिक्स, म्हणजे ३० टक्के झटपट आणि ७० टक्के मध्यम गतीचं, सकाळी १८ युनिट आणि रात्री १४.

पंधरा दिवसांत माणसात आले. झोप लागायला लागली, फळ्यावरचं स्पष्ट दिसायला लागलं. पण काटा चढतच गेला. आठ महिन्यांत ६१ चे ६८ किलो. सगळं पोटावर आणि कमरेवर. खाणं वाढलेलं नाही, उलट भात एकदाच घेते, चहा बिनसाखरेचा. डॉक्टरांना सांगितलं तर म्हणाले, "चालायला जा आणि तोंडावर ताबा ठेवा." तेवढ्यावर मी बाहेर आले.

आता जे कुणालाच सांगितलेलं नाही ते. गेले पाच आठवडे मी रात्रीचं इन्सुलिन आठवड्यातून तीन-चारदा घेत नाही. घरचे इन्सुलिनच्या पेनकडे लक्ष ठेवतात म्हणून बेसिनजवळ जाते, सुई लावते, १४ चा आकडा फिरवते आणि बटण दाबून सगळं नळाखाली सोडते. वजन दीड किलोनं उतरलं. सकाळची साखर मात्र २४० च्या पुढे. चूक करतेय हे कळतं. पण ७ किलोचे १४ किलो होतील या भीतीनं रात्री हात मागे येतो. इन्सुलिन घेऊनही वजन आटोक्यात ठेवलेलं कुणी आहे का?

चांदणवेल
ताई, लिहिलंत हे फार बरं केलंत. आजचा डोस नळाखाली सोडू नका, एवढंच आत्ता मनापासून सांगते. उद्या इथे सविस्तर लिहिणारे खूप जण येतील.

नीलमोहर
रानजाईताई, तुमचं बेसिनचं वाचलं आणि हात गार पडले. मीही तेच केलंय, माझी पद्धत वेगळी होती इतकंच.

मला टाइप वन आहे, सहावीत असल्यापासून. म्हणजे माझं शरीर इन्सुलिन बनवतच नाही. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं वजन ५७ होतं. एका लग्नात मावशी म्हणाली, "हिचे गाल बघा कसे आलेत, सुया मानवल्या." त्या रात्रीपासून मी डोस अर्धा करायला लागले, मग जेवणाचे डोस सोडूनच द्यायला लागले. तीन महिन्यांत ४८ किलो झाले. सगळ्या मैत्रिणी विचारत होत्या, काय केलंस, काय केलंस. तहान इतकी लागायची की लेक्चरला दोन लिटरची बाटली घेऊन बसायचे.

मग एके दिवशी उलट्या सुरू झाल्या त्या थांबेनात. श्वास जोरजोरात चालायला लागला, आणि आई म्हणाली की तुझ्या तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास येतोय. कीटोअ‍ॅसिडोसिस. म्हणजे इन्सुलिन नसल्यानं रक्तात आम्ल साठलं होतं. चार दिवस अतिदक्षता विभागात होते. घरी आल्यावर आईनं माझं कपाट आवरलं तेव्हा स्वेटरच्या खाली इन्सुलिनच्या न उघडलेल्या ११ कार्ट्रिज मिळाल्या. तिनं त्या एकेक करून फ्रिजच्या दारात उभ्या केल्या. एक शब्द बोलली नाही.

वजनासाठी इन्सुलिन टाळण्याला डायब्युलिमिया म्हणतात, हे मला नंतर कळलं. आज मी २९ वर्षांची आहे, वजन ५८ आहे, आणि डोळ्यांच्या पडद्यावर सुरुवातीचे बदल दिसलेत. ते त्या काळातले आहेत की नाही हे कुणी सांगू शकत नाही. मला मात्र रोज ते दिवस आठवतात.

तुम्हाला टाइप टू आहे, म्हणजे शरीर इन्सुलिन बनवतं पण ते पुरत नाही, त्यामुळे माझ्याइतक्या झटकन तुम्ही आजारी पडणार नाही कदाचित. पण २४० ची सकाळ रोज आली तर ती कुठे ना कुठे वसूल करते. डोस सोडू नका ताई.

इंद्रायणीकाठ
मी फिजिशियन आहे. तुमचे कागद मी पाहिलेले नाहीत, तेव्हा डोस किती करा हे मी इथे सांगणार नाही. पण वजन का वाढतं हे नीट समजून घेण्याचा तुम्हाला हक्क आहे. ते दोन वाक्यांत उरकलं गेलं याचं मला वाईट वाटतं.

रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती सगळी परत ओढून घेता येत नाही, ती लघवीवाटे बाहेर जाते. समजा रोज ५० ग्रॅम साखर अशी जात होती. एका ग्रॅमला ४ कॅलरी, म्हणजे २०० कॅलरी, दोन पोळ्यांएवढं अन्न रोज वाया जात होतं. इन्सुलिनशिवाय चरबी आणि स्नायूही वितळत होते. तुम्ही जेवत होता पण अंगी लागत नव्हतं. इन्सुलिन आल्यावर ती गळती थांबली. खाणं तेवढंच राहिलं तरी आता ते अंगी लागतं. शिवाय इन्सुलिन चरबीच्या पेशींना साठा धरून ठेवायला सांगतं, आणि सुरुवातीला थोडं पाणीही अंगात धरलं जातं.

डोस सोडल्यावर उतरलेले दीड किलो म्हणजे हीच गळती पुन्हा सुरू झाली, बरंचसं पाणी आणि थोडे स्नायू. याला बारीक होणं म्हणत नाहीत.

आता आकडा. ब्रिटनमध्ये टाइप टूच्या ३,८६७ रुग्णांवर जी मोठी चाचणी झाली, यूकेपीडीएस, तिचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. दहा वर्षांत इन्सुलिनच्या गटाचं वजन आहारावर भर दिलेल्या गटापेक्षा सरासरी ४ किलोनं जास्त वाढलं. दहा वर्षांत ४. म्हणजे इन्सुलिननं वजन वाढतं हे खरं, पण ते न थांबता चढत जात नाही. आणि साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत डोळे-मूत्रपिंडांसारख्या बारीक रक्तवाहिन्यांचे त्रास २५ टक्क्यांनी कमी झाले.

तुम्हाला दोन प्रश्न. साखर बिघडायच्या आधी, म्हणजे दोन-तीन वर्षांपूर्वी, वजन किती होतं? आणि रात्री-अपरात्री किंवा सकाळी अकराच्या सुमाराला घाम, थरथर, धडधड, अचानक भूक असं काही होतं का? झालं तर काय खाता? बिस्किटापासून सगळं लिहा.

आजोळ
माझ्या वहिनीने इन्सुलिन पूर्ण बंद केलं. रोज सकाळी कारल्याचा रस, रात्री भिजवलेले मेथीदाणे आणि जांभळाच्या बियांची पूड. वजनही उतरलं. सुई एकदा लागली की सुटत नाही म्हणतात, म्हणून ताईंनी लवकर विचार करावा.

इंद्रायणीकाठ
आजोळ, तुमची काळजी कळते. पण वहिनींची साखर आज किती आहे ते आधी बघा, आजच. वजन उतरणं ही साखर वाढल्याचीही खूण असते. मेथीदाणे खायला माझी ना नाही, ते इन्सुलिनच्या जागी मात्र चालत नाहीत.

आणि सुई लागली की सुटत नाही, हे उलटं आहे. टाइप टूमध्ये काहींना काही महिन्यांनी इन्सुलिन कमी करता येतं, क्वचित थांबवताही येतं. ज्यांचं चालू राहतं त्यांच्या स्वादुपिंडाची ताकद संपत आलेली असते म्हणून राहतं. सवय लागते म्हणून नाही.

रानजाई
नीलमोहर, तुझ्या आईनं त्या कार्ट्रिज फ्रिजमध्ये उभ्या केल्या ते वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. काल डोस घेतला. आजही घेतला.

डॉक्टरताई, २०२२ च्या उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाआधी ६६ होतं, मला नक्की आठवतं, कारण तेव्हा पैठणीचा ब्लाउज उसवून घेतला होता. मग पुढे साखर बिघडत गेली आणि ६१ वर आले. हे मी आजपर्यंत जोडूनच पाहिलं नव्हतं.

दुसरं. रात्री दोन-अडीचला जाग येते. गाऊन घामानं मानेपाशी ओला. पोटात खड्डा पडल्यासारखी भूक लागते, हात कापतात. उशाशी राजगिऱ्याच्या लाडवांचा स्टीलचा डबा असतो. एक खाते, बरं वाटलं नाही तर दुसरा, मग झोप लागते. कधी बोर्नव्हिटा घालून दूध. सकाळी शाळेत मधल्या सुट्टीआधी असंच होतं, तेव्हा पर्समधले ग्लुकोज बिस्किटांचे चार-पाच तुकडे. हे औषधासारखं खातेय, म्हणून खाण्यात धरलंच नव्हतं. आत्ता मोजलं. आठवड्याला नऊ-दहा लाडू होतात.

इंद्रायणीकाठ
हेच शोधत होते मी.

ताई, तुमच्या ३०-७० मधला ७० टक्के भाग मध्यम गतीचा असतो. तो टोचल्यानंतर चार ते दहा तासांच्या मध्ये केव्हातरी जोरावर येतो. रात्री साडेआठला घेतलं की त्याचा जोर येतो तुम्ही गाढ झोपेत असताना, पोट रिकामं असताना. सकाळच्या डोसचा जोर तसाच दुपारच्या जेवणाआधी. साखर पडते, शरीर घाबरतं, तुम्हाला खावंच लागतं. तोंडावर ताबा नाही असं याला कसं म्हणायचं? जीव वाचवायला खाल्लेलं अन्न आहे ते.

म्हणजे ७ किलोंपैकी ५ तुमचे स्वतःचेच होते, परत आलेले. उरलेले २ बहुतेक त्या डब्यातले. यावर इलाज आहे आणि तो डोस चुकवणं नक्की नाही.

या आठवड्यात तीन रात्री अडीचचा गजर लावा आणि ग्लुकोमीटरवर साखर बघा. घाम फुटला तर आधी बघा, मग खा. फार गळाल्यासारखं वाटलं तर बघत बसू नका. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात ढवळून घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा. लाडू, दूध, चॉकलेट यांतल्या तुपा-सायीमुळे साखर सावकाश चढते, तोवर माणूस दुसरा लाडू संपवतो. तीन चमच्यांचं साखरपाणी म्हणजे ६० कॅलरी, आणि ते काम लवकर करतं. हे आकडे तारखेसकट लिहा आणि डॉक्टरांच्या टेबलावर ठेवा. डोसही त्यांनाच बदलू द्या, कमी करायचा तरी.

कोकणकडा
यात माझ्या बाबांचं एक. चिपळूणला असतात, वय ७४. डोस वाढत वाढत दिवसाला ६४ युनिट झाला होता, वजनही वाढत होतं आणि साखर कधी ३०० तर कधी ५५. मी गणपतीला गेलो तेव्हा ते सुई घेताना पहिल्यांदा बाजूला बसलो. बेंबीच्या उजवीकडे रुपयाएवढी एकच जागा, दोन वर्षं तीच. हात लावून पाहिला तर कातडीखाली भिजवलेल्या साबुदाण्याच्या गोळ्यासारखी मऊ गाठ. बाबा म्हणाले, "तिथे दुखत नाही ना, म्हणून तिथेच."

दुखत नाही कारण तिथे चरबी साठलेली असते, आणि तिथलं इन्सुलिन कधी शोषलं जातं, कधी नाही. मग डोस वाढतो, मग एखाद्या दिवशी सगळं एकदम लागू होतं आणि साखर कोसळते, मग खाणं. डॉक्टरांनी जागा बदलायला सांगितली आणि त्याच दिवशी डोस कमी करून दिला, कारण चांगल्या जागी तेवढाच घेतला असता तर महागात पडलं असतं. आता पोटाचे चार भाग आणि दोन मांड्या अशा सहा जागा फिरवतात, प्रत्येक वेळी आधीच्या ठिकाणापासून दोन बोटं लांब. डोस ४६ वर आला. एक सुई पंधरा-पंधरा दिवस वापरायचे तेही बंद केलं.

तुम्ही पोट चाचपून बघा, ताई. आणि कुणी बाटली-सिरिंज वापरत असेल तर बाटलीवर ४० लिहिलंय का १०० (एका मिलिलिटरमधली युनिटं) हे प्रत्येक वेळी वाचा. ४० च्या बाटलीला लाल टोपीची सिरिंज. आमच्याकडे ही चूक होता होता राहिली.

खडकवासला
पुण्याहून. इथल्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचं काम इथे आठवल्याशिवाय राहवत नाही. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचा आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. युडकिन यांचा शेजारीशेजारी फोटो आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपण दिसायला बारीक आणि आतून चरबीचे. म्हणून नुसत्या किलोकडे बघू नका, शिंप्याच्या टेपनं कंबर मोजा. आपल्याकडे बाईला ८० सेंटिमीटर आणि पुरुषाला ९० च्या पुढे काळजी धरतात. स्नायू वाढवले तर इन्सुलिन कमी लागतं. मी साठीत पाण्याच्या बाटल्या उचलून व्यायाम सुरू केला, चालण्यानं जे होत नव्हतं ते त्यानं झालं. फक्त व्यायामाआधी साखर बघायची आणि खिशात ग्लुकोज ठेवायचं.

शेवगा
औषधांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. औषधाचं दुकान आहे आमचं, पाकिटं रोज हातातून जातात.

इन्सुलिन सुरू करताना मेटफॉर्मिन ही डायबेटिसची नेहमीची गोळी असते, ते बंद केलेलं असेल तर ते का, हे जरूर विचारा. मूत्रपिंडं ठीक असतील तर ते बहुतेकदा बरोबर चालू ठेवतात. इन्सुलिन कमी लागतं आणि वजन कमी वाढतं. तिकडे ज्यांच्या गोळ्या चालू आहेत त्यांनी स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर वाचा. तीन औषधांच्या एका गोळीत पायोग्लिटाझोन असतं कधीकधी, त्यानं पाणी धरतं, पाय सुजतात, वजन वाढतं. ग्लिमेपिराइड असेल तर तेही इन्सुलिनबरोबर साखर पाडू शकतं.

लघवीवाटे साखर काढणारी डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन वजनाला बरी. २०२० मध्ये डॅपाचं पेटंट संपलं तेव्हापासून किंमत बरीच उतरली. लघवीच्या जागेच्या खाज-जंतुसंसर्गाकडे बायकांनी लक्ष ठेवायचं, आणि उलट्या-जुलाबात किंवा कडक उपासात गोळी चालू ठेवायची का ते डॉक्टरांना विचारायचं. आठवड्याला एकदा घ्यायची सेमाग्लुटाइड, टिर्झेपटाइडसारखी इंजेक्शनं आहेत, त्यानं भूक कमी होते. टिर्झेपटाइड २०२५ च्या मार्चमध्ये भारतात आलं. पण इन्सुलिन ज्याला हवंच आहे त्याचं इन्सुलिन त्यानं सुटतंच असं नाही. आणि चिठ्ठीशिवाय मागायला येऊ नका, रोज दोन तरी जण येतात.

रानजाई
तीन रात्रींचे आकडे. मंगळवारी २.३० ला ५८. गुरुवारी ६३. शनिवारी २.१० ला घामानं जाग आली तेव्हा ५१.

५१ च्या रात्री मी यांना उठवलं. साखरपाणी त्यांनीच ढवळून दिलं. ते पंधरा मिनिटं घड्याळाकडे बघत बसले होते तेव्हा बेसिनचं सांगितलं. ते रागावतील असं वाटत होतं. म्हणाले, "मी पेन बघायचो, तुझ्याकडे बघायला हवं होतं."

सोमवारी दोघं गेलो. डॉक्टर वही बघून थांबले, सुरुवातीपासूनची सगळी पानं उलटून वाचली. म्हणाले, हे आधी विचारायला हवं होतं मी. रात्रीचं मिक्स बंद. त्याऐवजी दिवसभर सपाट चालणारं इन्सुलिन, एकदाच, कमी युनिटनं सुरुवात. सकाळचा आणि दुपारचा डोस जेवणापुरता, वेगळा. मेटफॉर्मिन परत सुरू. मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासून घेतलं, ठीक आहे. पोटावर डावीकडे लहानशी गाठ मिळाली, कोकणकडा, तुमचे आभार कसे मानू.

इंद्रायणीकाठ
फार बरं वाटलं. एक गोष्ट सांगून थांबते, मला ती नेहमी आठवते. इन्सुलिन निघायच्या आधी डायबेटिसच्या मुलांना उपाशी ठेवणं हाच उपचार होता. एलिझाबेथ ह्यूज नावाची मुलगी १९२२ मध्ये टोरांटोला इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकी एक डॉ. बँटिंग यांच्याकडे आली तेव्हा पंधराव्या वर्षी तिचं वजन ४५ पौंड, म्हणजे जेमतेम २० किलो होतं. इन्सुलिन सुरू झालं आणि ती भरायला लागली. त्या मुलांच्या आयांना काटा चढताना बघून काय वाटलं असेल! ती पुढे वयाच्या ७३ व्या वर्षापर्यंत जगली. कुणी रुग्ण मला म्हणाला की इन्सुलिननं अंग भरलं, तर मी आधी ही मुलगी आठवते आणि मग त्याच्याशी वजनाचं बोलते.

रानजाई
साडेतीन महिन्यांनी लिहितेय. तीन महिन्यांची साखर ७.४. वजन ६६.८. फार उतरलेलं नाही, पण अकरा आठवडे जागचं हललेलं नाही. कंबर तीन सेंटिमीटरनं कमी. रात्री सलग झोपते. संकष्टीचा उपास बंद केला, सासूबाईंनीच बंद करायला लावला.

नीलमोहर, परवा तुझ्यासारखीच एक मुलगी आमच्या सातवीत आली आहे. डब्याच्या आधी बाथरूममध्ये जाऊन टोचून घेते. मी तिला स्टाफरूममधली माझी खुर्ची दिली. आता आम्ही दोघी मधल्या सुट्टीत शेजारी बसून घेतो.

पाऊसवाट
धागा आज सापडला, सगळा वाचला. माझ्या आईला चार महिन्यांपूर्वी इन्सुलिन सुरू झालं, ५ किलो वाढलेत, आणि ती आता घ्यायला नको म्हणते. वय ६३. कुठून सुरुवात करू?

रानजाई
आईंना विचारा, रात्री जाग येते का आणि आली की त्या काय खातात. विचारताना ओरडू नका, नाहीतर सांगणार नाहीत. ग्लुकोमीटर नसेल तर उद्याच आणा.